‘घेतलं आणि बरं वाटलं’ यावर काय बोलायचं?

पत्र : नमस्कार. मी रसायनशास्त्राची पदवीधर, वय 38. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा असं एकत्र कुटुंब आहे. घरच्या ग्रुपवर रोज आरोग्याचा एक तरी मेसेज येतो आणि त्यावरून माझा कुणाशी तरी खटका उडतो. बोटं मोडली की संधिवात होतो, दाढी केली की केस राठ येतात, दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, आपण मेंदू फक्त दहा टक्के वापरतो, गोड खाल्लं की मुलं उधळतात... यादी संपत नाही. परवा मुलाला ओल्या केसांनी बाहेर जाऊ दिलं म्हणून सासूबाई रागावल्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं, सर्दी विषाणूमुळे होते, थंडीचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. झालं, दोन दिवस अबोला. जाऊबाई साध्या सर्दीला मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देतात. सासऱ्यांनी दोन महिन्यांपासून बीपीची गोळी बंद केलीय. कुणी सांगितलेला एक रस घेतात आणि म्हणतात, “घेतलं आणि बरं वाटलं, अजून काय पुरावा हवा? तुमचं विज्ञान तर रोज बदलतं.” नवरा म्हणतो, जेवढं समजावशील तेवढे ते हट्टाला पेटतील. खरं बोलूनही वाईटपणा माझ्याच वाट्याला येतो. काय करू?

ता. क. मुलगा मंद उजेडात वाचत बसतो. त्याने डोळे बिघडतात, हे तरी खरं का?

— वैतागलेली

उत्तर : ताई,

तुमच्या पत्रात मी आठ भांडणं मोजली. त्यातली सहा सोडून दिलीत तरी कुणाचं काही बिघडणार नाही. उरलेली दोन आजच हातात घ्यायला हवीत, आणि नेमकी तीच तुम्ही यादीच्या शेवटी एकदोन वाक्यांत उरकलीत.

आधी सासऱ्यांची गोळी. “बरं वाटतं” हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. गोळी चालू होती तेव्हा बरं वाटत होतं, बंद केली तरी बरं वाटतंय. काही गोळ्यांनी थकवा येतो, काहींनी पाय सुजतात, काहींनी कोरडा खोकला लागतो. तसलं काही होत असेल आणि ते थांबलं असेल, तर आधीपेक्षा जास्तच हलकं वाटेल. तेव्हा इथे बरं वाटण्यावरून रसाबद्दल काहीच ठरत नाही, आणि गोळीबद्दलही नाही. दाब कळतो तो फक्त मोजल्यावर.

त्यांना हेही सांगा की एके काळी बरेच डॉक्टर त्यांच्याच मताचे होते. वयाबरोबर दाब वाढायचाच, त्याच्या वाटेला जाऊ नये, असं मानणारे नामवंत डॉक्टर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचा दाब 300/190 च्या घरात मोजला गेला होता. तो त्याआधी कित्येक वर्षं चढत होता आणि आजच्यासारखी औषधं तेव्हा कुणाच्या हाताशी नव्हती.

मत बदललं ते मोजमापामुळे. 1967 साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 143 पुरुषांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांचा खालचा आकडा 115 ते 129 च्या दरम्यान होता. कुणी कुठल्या गटात जायचं हे नशिबावर सोडलं. 73 जणांना खरं औषध मिळालं, 70 जणांना दिसायला तशीच, पण आत काही नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. दीडएक वर्षात नकली गोळीच्या गटात 27 जणांना गंभीर इजा झाली, त्यातले चौघे दगावले. औषधाच्या गटात अशी वेळ दोघांवर आली, दगावलं कुणीच नाही. मुद्दाम लक्षात घ्या, नकली गोळीवाल्यांतही “घेतलं आणि बरं वाटलं” म्हणणारे असणारच. त्या सत्तर जणांतल्या कुणा एकाशी गप्पा मारून हा फरक कुणालाच कळला नसता.

आता करायचं काय? डॉक्टरांची वेळ आजच घ्या. तोवर घरी दाब मोजायचं यंत्र आणा, दंडाला पट्टा बांधायचं. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात हृदयाच्या उंचीवर, मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत टिपायचे. ते सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने टिपावेत, तुम्ही नाही. घरी मोजलेल्या दाबाची सरासरी 135/85 किंवा त्याहून वर गेली, तर तो वाढलेलाच समजतात. आकडा 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, नजर अंधारणं यातलं काहीही असेल, तर वहीबिही राहू द्या, थेट रुग्णालय गाठा. जुनी गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. दोन महिन्यांनंतर कुठली आणि किती द्यायची हे डॉक्टरांना नव्याने पाहावं लागेल. आणि पुढे कधीही परस्पर बंद करू नका, कारण काही प्रकारच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळी मारतो. त्या रसात काय काय आहे तेही लिहून न्या. बीपीच्या काही औषधांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं, त्यात पोटॅशियम भरपूर असलेल्या रसाची भर पडली तर हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकतं.

त्यांच्याशी बोलताना रसाला नावं ठेवू नका. “बाबा, रस चालू असताना दाब किती राहतो ते आपण बघू,” एवढंच म्हणा. त्यांचाच दावा आहे, तो तपासायला त्यांची हरकत का असावी?

दुसरं भांडण जाऊबाईंचं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, सर्दीच्या विषाणूंवर नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना ते पटत नाही याचं कारण सोपं आहे. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपसूक जाते आणि गोळी साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिली जाते, म्हणजे त्रास कळसाला पोचलेला असतो तेव्हा. तिथून पुढे उतारच असतो. तेव्हा गोळी दिली काय नि नाही दिली काय, दिल्यानंतर बरं वाटणारच, आणि श्रेय गोळीला मिळणार. त्यांना एकच प्रश्न विचारा, तोही भांडणाच्या वेळी नाही, नंतर कधीतरी: “दिली नसती तर काय झालं असतं?” माझ्या मते आरोग्याच्या बाबतीत याच्याइतका कामाचा प्रश्न दुसरा नाही. मेसेज कुणाचाही असो, दावा कसलाही असो, हा प्रश्न लावून बघा. बऱ्याच मेसेजची हवा तिथेच निघते.

जिने उरलेल्या गोळ्या जपून ठेवल्यात, तिला अलेक्झांडर फ्लेमिंग यांची गोष्ट जरूर सांगा. पेनिसिलिनचा शोध त्यांचा, 1928 सालचा. 1945 मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाचं उदाहरण दिलं. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, पण अपुरं. जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग त्यांची लागण बायकोला होते, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलं तरी ते लागू पडत नाही आणि ती दगावते. हे भाषण झालं तेव्हा औषध अजून नवं कोरं होतं. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात साधारण 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. उरलेल्या गोळ्यांत मात्रा अपुरी असते, औषध बहुधा भलत्याच आजाराचं असतं, आणि लहान मुलाच्या वजनाचा हिशेब तर कुणीच केलेला नसतो. त्या घरातून काढायला लावा. त्याचबरोबर जाऊबाईंची काळजी रास्त आहे हेही माना. मूल भराभर श्वास घेतंय, ताप तीन दिवसांपलीकडे लांबलाय, कान ठणकतोय, पाणीसुद्धा पीत नाहीये, किंवा बरं होता होता पुन्हा ताप चढलाय, तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. तिथे अँटिबायोटिक लागूही शकतं.

बरं वाटणं आणि बरं होण्याचं कारण कळणं यातलं अंतर पार करायला माणसाला फार काळ लागला. 1747 मध्ये जेम्स लिंड नावाच्या डॉक्टराने सॅलिस्बरी जहाजावरच्या स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग) झालेल्या 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या. बाकी आहार सारखा ठेवला आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: सफरचंदाची दारू, पातळ केलेलं गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरी वगैरेंची गोळी, आणि एका जोडीला संत्री व लिंबू. सहा दिवसांत संत्री-लिंबूवाल्यांतला एक जण कामावर परतण्याइतका सावरला. गंधकाम्लाचाही तेव्हा चांगला बोलबाला होता, आणि शेजारी दुसरी जोडी नसती तर तो तसाच टिकला असता. इतकं स्पष्ट दिसूनही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला 1795 साल उजाडलं. तेव्हा तुमच्या घरात दोन महिने लागले तर फार मनाला लावून घेऊ नका.

‘दिली नसती तर?’ हाच प्रश्न गोड खाण्याला लावा. 1994 मध्ये अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी पाच ते सात वर्षांचे 35 मुलगे आणि त्यांच्या आया बोलावल्या. ‘आमच्या मुलाला साखर चढते’ असं या आयांचं ठाम मत होतं. निम्म्या आयांना सांगितलं, मुलाला भरपूर साखर दिलीय. निम्म्यांना सांगितलं, साखर नसलेलं पेय दिलंय. प्रत्यक्षात सगळ्या मुलांना बिनसाखरेचंच पेय दिलं होतं. ‘साखर दिलीय’ असं ऐकलेल्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. इतकंच नाही, त्या मुलांच्या जास्त जवळ घुटमळल्या, त्यांना जास्त टोकत राहिल्या. पुढच्याच वर्षी अशा 23 प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. मुलं समारंभात उधळतात कारण तिथे बाकीची मुलं असतात, गोंगाट असतो आणि झोपेची वेळ टळलेली असते. पण दात आणि वजन यांच्यासाठी साखर कमी केलेली चांगलीच. म्हणजे घरातलं कुणी चुकीच्या कारणासाठी का होईना, गोड आवरत असेल, तर तुम्ही मध्ये पडायचं कारण काय? गप्प बसा.

आता ओले केस. इथे माझं मत तुमच्या बाजूने पूर्ण नाही. विषाणूशिवाय सर्दी होत नाही, हे बरोबर. ब्रिटनमध्ये सॅलिस्बरी शहराजवळ सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र 1946 पासून चार दशकांहून जास्त काळ चाललं. तिथे स्वयंसेवकांना आंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्याच्या झोतात उभं केलं, ओले मोजे घालून बसवलं. त्यांना सर्दी जास्त झाली नाही. तुमचं विधान इथवर टिकतं. पण 2005 मध्ये कार्डिफला 180 जणांवर वेगळा प्रयोग झाला. निम्म्यांनी पाय 20 मिनिटं थंड पाण्यात ठेवले, निम्म्यांनी रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत थंड पाण्यावाल्या 90 पैकी 13 जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, रिकाम्या भांड्यावाल्या 90 पैकी पाच जणांनी. फरक मोठा नाही, आणि आपले पाय गार पाण्यात होते हे लोकांना माहीत होतंच, त्यामुळे शंकेला जागा आहे. तिथल्या संशोधकांचा तर्क असा की विषाणू आधीच नाकात दबा धरून असतो, गारठ्याने नाकातला रक्तपुरवठा आखडतो आणि त्याचं फावतं. 2015 मध्ये येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर प्रयोग झाले. 37 अंशांपेक्षा 33 अंशांना पेशींचा प्रतिकार ढिला पडतो आणि सर्दीचा विषाणू जास्त जोमाने वाढतो, असं त्यांत दिसलं. आपल्या नाकाच्या आतलं तापमान साधारण 33 अंशच असतं.

म्हणजे सासूबाईंचं कारण अपुरं होतं, पण ‘काडीचाही संबंध नाही’ हे तुमचं वाक्यही पुराव्याच्या पुढे धावलं. जाऊन तसं सांगा. “आई, मी परवा जरा जास्तच ठामपणे बोलले, यात थोडं तथ्य असू शकतं.” सुनेने सासूला पुराव्यानिशी बरोबर ठरवलं, असा प्रसंग तुमच्या घरात बहुधा पहिलाच असेल. त्यानंतर बीपीच्या गोळीबद्दल तुम्ही काही बोललात, तर ते वेगळ्या कानांनी ऐकलं जाईल.

बाकीची यादी भराभर. बोटं मोडताना होणारा आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी जवळपास 60 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजवा हात तुलनेला ठेवला. दोन्ही हात सारखेच निघाले, संधिवात कुठेच नाही. 2009 मध्ये त्यांना त्याबद्दल इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळालं. एकाच माणसाचा प्रयोग, पण नंतरच्या पाहण्यांतही तसंच दिसलं. दाढीचं म्हणाल तर 1928 मध्येच तपासून झालंय. केस मुळातून जाड होत नाही, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि ऊर्जेचा खर्च सुमारे 20 टक्के. नव्वद टक्के रिकामा बसणारा अवयव एवढं कशाला खाईल? पाण्याबद्दल 1945 सालच्या एका अमेरिकी शिफारशीत दिवसाला अडीच लिटर असा आकडा होता, आणि लगेच पुढे म्हटलं होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. ते पुढचं वाक्य लोक विसरले, असं मानलं जातं. निरोगी माणसाला तहान पुरेशी वाट दाखवते. वृद्धांना तहान कमी जाणवते, मुतखडा होऊन गेलेल्यांना जास्त पाणी लागतं, आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना कधी कधी कमी प्यायला सांगतात. त्यांनी ग्रुपवरचा आकडा न पाळता डॉक्टरांचा पाळावा.

‘तुमचं विज्ञान रोज बदलतं’ या टोल्याने तुम्ही गडबडून जाता, असं पत्रावरून वाटलं. गडबडायचं कारण नाही, ते बदलतंच. पोटातले अल्सर मानसिक ताणाने आणि तिखट खाण्याने होतात, असं डॉक्टरच सांगत असत. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन म्हणाले, त्यामागे बहुतेक वेळा एक जिवाणू आहे. कुणी मानेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. (कृपया घरी कुणी अनुकरण करू नये.) 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तान्ह्या बाळाला पालथं झोपवा, असंही एके काळी पुष्कळ डॉक्टर सांगत. तुलना करून पाहिल्यावर कळलं की पालथ्या झोपेत बाळं अचानक दगावण्याचा धोका जास्त असतो. 1990 च्या दशकात उताणं झोपवण्याच्या मोहिमा झाल्या आणि कित्येक देशांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. सासऱ्यांना विचारा, हा सल्ला बदलला नसता तर बरं झालं असतं का? त्यांच्या रसाबद्दलचं मत कुठल्या आकड्याने बदलेल, हेही त्याच ओघात विचारून ठेवा. उत्तर मिळालं तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र अर्धवट जुनं आहे. पुरावा दाखवला की लोक उलट जास्त हट्टी होतात, असा निष्कर्ष 2010 च्या एका गाजलेल्या अभ्यासातून निघाला होता आणि तो फार पसरला. पुढे 10 हजारांहून जास्त लोकांवर, 52 विषयांवर तपासून पाहिलं, तर तसा उलटा परिणाम कुठेच आढळला नाही. चुकीची माहिती दुरुस्त केली तर लोकांना ती बऱ्यापैकी पोचते. तुमच्या घरी ती पोचत नसेल तर कारण जागा आणि वेळ हे असावं. सगळ्यांसमोर, ग्रुपवर, पहिल्याच मिनिटाला कुणालाही खोटं पाडलं की तो माणूस आधी अब्रू सावरतो. एकेकट्याशी बोला. आणि चुकीचा मेसेज उद्धृत करून त्याखाली ‘हे खोटं आहे’ लिहू नका. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेली की ती खरी वाटू लागते, हे 1977 पासून वारंवार दिसलंय. जे बरोबर आहे तेवढंच दोन ओळींत लिहा.

आता ता. क. मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, चुरचुरतात, कधी डोकं दुखतं, पण विश्रांतीने ते जातं. कायमचं नुकसान होतं असा पुरावा नाही. चष्म्याच्या बाबतीत काळजी करायचीच तर मूल दिवसाउजेडी किती वेळ बाहेर असतं याची करा. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30 टक्के मुलांना जवळचंच स्पष्ट दिसण्याचा दोष जडला होता, इतर शाळांतल्या जवळपास 40 टक्के मुलांना. तुमचा मुलगा त्याच वयाचा आहे. वाचताना दिवा लावून द्या आणि शाळेतून आला की उजेड असेपर्यंत बाहेर पिटाळा. केस ओले असतील तर आधी पुसून.